‘तुम्ही स्वतः गाता का?’ : संगीत-न्यासात काम करणाऱ्या बाईला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका छोट्या संगीत-न्यासात काम करते. महापालिकेच्या शाळांत गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या शिक्षकांचं मानधन देणं, वाद्यं उसनी देणं व ती वाजती ठेवणं, आणि थकलेल्या कलावंतांच्या कागदपत्रांमागे धावणं, एवढाच आमचा पसारा. फोनवर, मैफलीच्या मध्यंतरात, वडापावच्या गाडीपाशीसुद्धा लोक मला तेच ते विचारतात. न्यासाबद्दल थोडं, माझ्याबद्दल जास्त. म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

तुम्ही स्वतः गाता का?

नाही. तानपुरा लावते, आणि मागे बसून तो वाजवते. हे ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. संगीताच्या संस्थेत काम करणारी बाई गात नाही म्हणजे मिठाईच्या दुकानातल्या माणसाला मधुमेह असावा, तसं काहीतरी त्यांना वाटत असावं. मला त्याचं काही वाटत नाही. मैफलीत मी बसते ती जागा सगळ्यात चांगली असते. गवयाची पाठ दिसते, तबलजीचे हात दिसतात, आणि श्रोत्यांपैकी कोण घड्याळ बघतंय तेही दिसतं.

मग या कामात कशा आलात?

आडवळणाने. माझं लहानपण मिरजेत गेलं. वडील एसटीत होते. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पॉलिशचा वास आणि तारा जुळवण्याचा आवाज यांत काही विशेष आहे हे मला फार उशिरा कळलं. तंतुवाद्यं घडवण्याचं तिथलं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकरांच्या काळापासून चालत आलेलं आहे. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. चांगले सुकल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. दांडीला तुणीचं लाकूड. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पुण्यात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, जणू भोपळा मीच कोरला होता.

गल्लीतल्याच एका क्लासात मी गाणं शिकले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या: प्रारंभिक, प्रवेशिका, मग मध्यमा. मध्यमा पूर्णनंतर थांबले. आमच्या बाईंनी फार प्रेमाने सांगितलं होतं की गळा बेताचा आहे, कान मात्र चांगला आहे, तो जप. अठराव्या वर्षी असं ऐकलं की माणूस रडतं. मीही दोन दिवस रडले आणि बी.कॉम.ला नाव घातलं.

पुढे नऊ वर्षं एका पतसंस्थेत होते. आधी रोखपालाच्या खिडकीत, नंतर वसुलीला. लग्नानंतर पुण्याला आले. संध्याकाळी एका गायिकेकडे तानपुऱ्याला बसू लागले. तिच्याच ओळखीतल्या एका न्यासाचे हिशेब तुंबले होते, लेखापरीक्षक रागावून बसले होते. ‘चार महिने येऊन बघता का?’ असं विचारलं गेलं. त्या चार महिन्यांना आता तेरा वर्षं झाली.

पतसंस्थेतला अनुभव संगीताच्या कामात कसा उपयोगी पडणार?

मला उलटं वाटतं. संगीत येणारी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी आहेत, पावत्या लावणारं कोणी नसतं. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र वेळेवर द्यावं लागतं. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर तिच्यावर करसवलत मिळत नाही, हे मी आजवर किती काकांना समजावलं असेल! तरी दर मार्चला कोणीतरी पाकिटात नोटा घालून आणतंच.

आणि वसुली! उसना दिलेला तबला परत आणणं हे थकलेलं कर्ज परत आणण्यासारखंच आहे. चढ्या आवाजात बोलून काही होत नाही. घरी जायचं, चहा घ्यायचा, ‘पोरगं वाजवतंय का?’ विचारायचं. वाजवत असेल तर मुदत वाढवायची. वाजवत नसेल तर तबल्यावर कुंडी ठेवलेली असते, ती स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवायची आणि तबला घेऊन निघायचं.

अशा नोकरीसाठी संगीताची पदवी लागते का?

आमच्याकडे तरी नाही. मराठीत नीट पत्र लिहिता यावं, हिशेब यावा, आणि कोणी बेसूर गात असताना चेहरा सरळ ठेवता यावा.

पगार किती?

पतसंस्थेत होता त्याहून कमी. घर दोघांच्या पगारावर चालतं. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुली मला हाच प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारतात. तो पहिला विचारावा.

दिवसभर नक्की काय करता?

लोकांना वाटतं आमच्या कार्यालयात सकाळी भैरव आणि संध्याकाळी यमन चालू असतो. तिथे चालू असतो तो पंखा आणि फोन. दिवसातला बराच वेळ वाद्यांच्या आजारपणात जातो.

जून उजाडला की तबले बसतात. हवेत ओल आली की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. शाळेतली मुलं हातोडीने पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोकून ठोकून तो चढवतात. ऑक्टोबरात ऊन पडलं की तीच पुडी ताणते आणि फाटते. पुडी बदलणारा कारागीर आमच्याकडे गुरुवारी येतो. चामड्याची वादी ओढताना त्याच्या दंडाकडे बघावं, तबला हे अंगमेहनतीचं वाद्य का आहे ते कळतं. पेटीचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की दबूनच राहते आणि एक सूर अखंड वाजत राहतो. कधी सुराच्या पत्तीत धुळीचा कण अडकतो आणि मधला ‘प’ मुका होतो. उंदरांना भात्याचं चामडं फार आवडतं. एका शाळेत पेटी खिचडीच्या कोठीशेजारी ठेवलेली होती, त्यांच्या दृष्टीने तो जेवणानंतरचा विडाच.

उरलेल्या वेळात शिक्षकांचं वेळापत्रक बघायचं, त्यांचा रिक्षाखर्च द्यायचा, मुख्याध्यापकांना विनवून शनिवारचा एक तास मिळवायचा, आणि तो तास गॅदरिंगच्या तालमीसाठी गेला की पुन्हा विनवायचं.

आमच्या माळ्यावर आजोबांची पेटी आहे. न्यासाला देऊ का?

हा प्रश्न महिन्यातून पाच-सहा वेळा येतो. उत्तर देताना मला फार जपून बोलावं लागतं, कारण त्या पेटीत आजोबा असतात.

द्या, पण आधी भाता उघडून बघा. वारा धरतो का? सगळे सूर बोलतात का? वीस वर्षं माळ्यावर राहिलेली पेटी दुरुस्त करायला कधी कधी नव्या साध्या पेटीइतका खर्च येतो. सतार किंवा तानपुरा असेल तर भोपळ्याला चीर गेली आहे का ते पाहा. चीर भरता येते, पण फुटून पोटात गेलेला भोपळा बदलावाच लागतो. आणि तानपुरा आणून देताना तारा थोड्या उतरवा, गवसणी, म्हणजे कापडी खोळ, घाला, रिक्षात आडवा मांडीवर घ्या. डिकीत नको.

माझं स्पष्ट मत असं की वाद्य देणं सोपं आहे आणि ते वाजतं ठेवणं अवघड. वाद्याबरोबर फोटो निघतो, पुडी बदलण्याबरोबर निघत नाही. एका देणगीदार संस्थेने (नाव सांगत नाही) एकदा आम्हाला चाळीस ढोलक्या एका दिवशी दिल्या. समारंभ झाला, पेढे झाले. शिकवणाऱ्याच्या मानधनाची मात्र सोय नव्हती. वर्षभराने त्यांतल्या निम्म्या मुक्या झाल्या होत्या. त्या वेळी ‘नको’ म्हणायचं धैर्य मला झालं नाही, ही चूक माझीच. आता मी आधी विचारते: याच्यासोबत दोन वर्षांचा शिक्षक देता का? पुष्कळ जण मग परत फोन करत नाहीत.

कंपन्यांचा सीएसआर निधी तुम्हाला सहज मिळत असेल ना?

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृतीही बसते. बसते, पण मागच्या बाकावर. पुढे शिक्षण, आरोग्य, पाणी. आणि ते योग्यच आहे, पाण्याच्या टाकीशी तानपुऱ्याने स्पर्धा करू नये. अडचण अर्जाच्या रकान्यांची आहे. ‘प्रति लाभार्थी परिणाम’ या रकान्यात मी काय लिहू? मुलगी शुद्ध गंधार (‘ग’) लावू लागली, असं एकदा लिहिलं होतं. तिकडून विचारणा आली, किती टक्के.

वृद्ध कलावंतांना तुम्ही पेन्शन देता का?

आमची तेवढी ऐपत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. तिच्यात आता महिना पाच हजार रुपये मिळतात. पन्नाशी ओलांडलेल्या, उत्पन्न अगदी कमी असलेल्या कलावंतांसाठी ती आहे. आम्ही अर्ज भरून देतो.

अर्जाचा नमुना सोपा आहे. पुरावा गोळा करणं अवघड. ज्याने चाळीस वर्षं जत्रेत संबळ वाजवला त्याच्याकडे प्रमाणपत्र कुठून येणार? रेडिओवर गायलेल्या माणसाजवळ करारपत्र असतं, नाटकवाल्याजवळ जाहिरातीचं कात्रण असतं. संबळवाल्याजवळ खांद्यावरचा घट्टा असतो. मग आम्ही गावच्या यात्रा समितीचं पत्र आणतो, लग्नाच्या जुन्या अल्बममधून तो कोपऱ्यात दिसणारा फोटो शोधतो. एकदा कोणाच्या तरी मुंजीच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आमचे एक सनईवाले सापडले. नवरदेवासारखे खूश झाले होते स्वतःला बघून.

तुमचं घराणं कुठलं?

वसुली विभाग.

खरं सांगायचं तर तानपुरा वाजवणाऱ्याला घराणं नसतं. किराणा घराण्याच्या गवयांबरोबर बसलं की त्यांच्या आवडीप्रमाणे जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारा झंकार, मोकळी आणि गोल ठेवायची, दुसऱ्याबरोबर बसलं की त्यांच्या. तारेखालच्या दोऱ्याची जागा केसभर सरकवली की आवाज बदलतो. त्यात माझं मत कोणी विचारत नाही. मिरजेची असल्यामुळे लोक मला किराण्याची धरतात. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि त्यांच्या स्मृतीत तिथे अजून गाणं होतं. लहानपणी मी तिथे चटईवर झोपून गेलेली आहे. झोपेत ऐकलेलं मोजायचं असेल तर किराणा.

आवडते गायक कोण?

मल्लिकार्जुन मन्सूर. याला दुसरं-तिसरं उत्तर नाही.

धारवाडजवळच्या खेड्यातून नाटक कंपनीत आलेला मुलगा, मिरजेच्या नीळकंठबुवा अलुरमठांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतो, मग मंजीखाँकडे जातो. १९३७ साली मंजीखाँ अकाली गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ भूर्जीखाँ त्याला पुढे शिकवतात. दोघे कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ यांचे मुलगे. म्हणजे आमच्या गावची पायरी चढून ते कोल्हापूरच्या गाण्यापर्यंत पोचले, असा माझा खासगी दावा आहे. त्यांच्या गाण्यात सुरुवातीची तयारी, प्रस्तावना असं काही नसतंच. दार उघडलं की तुम्ही थेट माजघरात. क्वचित कानावर पडणारा अनवट राग असा काही गातात की जणू शेजाऱ्याचं नाव घेतायत. त्यांची पुष्कळ ध्वनिमुद्रणं उतारवयातली आहेत, आवाजाला किंचित धाप आहे. मला ती धाप हवी असते. गुळगुळीत आवाजावर माझं मन सरकून जातं.

गायिकांत मात्र केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या. शाळेतल्या मुलांना मी ही गोष्ट हमखास सांगते. एका सहावीतल्या मुलाने विचारलं, ‘मागे तबला कोण वाजवतंय?’ मला त्याला तिथेच एक तबला द्यावासा वाटला.

तुम्ही गायकापेक्षा साथीदारच जास्त ऐकता, हे खरं का?

खरं आहे, आणि घरचे याला कंटाळलेले आहेत. बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं लागली की सगळे गळ्याबद्दल बोलतात. माझं लक्ष असतं मागे. त्यांच्या नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँसाहेब होते आणि सारंगीला कादरबक्ष. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकात, पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या नटामागे बसून दर वेळी ठेका ताजा ठेवणं म्हणजे काय असेल!

पेटीवाल्यांत अप्पा जळगावकर. गवयाची जागा संपते तिथे त्यांचा सूर नुसता टेकतो, पुढे पळत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, येत नाहीत, हा आक्षेप. तो खोटाही नाही. बंदी उठली १९७१ साली, तीही सुरुवातीला अटी घालून. अप्पांची साथ ऐकताना मींड येत नाही हे लक्षातच राहत नाही. पेटीवाल्याला काय आणि मला काय, जे आपल्या वाद्यात नाही ते मागायचं नसतं.

आणि वारकऱ्यांचा विणेकरी. हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सात दिवस, दिवसरात्र. विणेकऱ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या मी ऐकलेल्या नाहीत.

सवाई गंधर्व महोत्सवात तुम्हाला पहिल्या रांगेचा पास मिळत असेल?

भारतीय बैठकीचं तिकीट काढते, उशी घरून नेते. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या पश्चात १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळू शकते, तेवढंच. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण उत्तररात्रीचे राग त्यामुळे बेघर झाले. अडाणा, सोहनी, मग पहाटेचा ललत, हे त्यांच्या वेळेला ऐकलेली माणसं आता साठीच्या पुढची. माझ्या मुलीने ललत फक्त दुपारी, हेडफोनवर ऐकला आहे. तिला तो आवडतो. मला वाईट वाटतं, तिला वाटत नाही.

शास्त्रीय सोडून काही ऐकता की नाही?

ऐकते तर! एसटीत नोकरी असलेल्या माणसाची मुलगी मी. लाल डब्याच्या ड्रायव्हरमागच्या सीटवर कुमार सानू पाठ झालेला आहे, आणि त्याबद्दल मला मुळीच शरम नाही. संगीतकार वसंत देसाईंची गाणी आवडतात, त्यातला कोरस आणि वाद्यमेळ विशेष. लग्नातल्या बँडचा क्लॅरिनेट ऐकायला मी रस्ता ओलांडून जाते. वरातीत तो माणूस घामाघूम होऊन चालत चालत वाजवतो, आणि मधूनच एखादी अशी हरकत घेतो की त्याला कोणी बसवून ऐकलं असतं तर, असं मनात येतं. आमच्या वाद्य-दुरुस्ती निधीतून आता बँडवाल्यांचेही क्लॅरिनेट दुरुस्त करून देतो. विश्वस्तांपैकी एकांना हे ‘संगीत’ वाटत नव्हतं. एका वरातीत त्यांना घेऊन गेले, मग सही झाली.

न आवडणारं काय?

टीव्हीवर लहान मुलांना रडवणाऱ्या गाण्याच्या स्पर्धा. आणि मैफलीत तबल्याचा ‘सवाल-जवाब’ दहा मिनिटांच्या वर गेला की मला अंगणवाडीची आठवण येते.

मोबाइलवरचा तानपुरा असताना खरा कशाला?

शाळेत आम्ही मोबाइलचाच वापरतो. एका वर्गात पस्तीस मुलं, चार तारा जुळवण्यात अर्धा तास गेला तर शिकवायचं कधी? मुलांच्या कानावर स्थिर षड्ज, म्हणजे ‘सा’, पडतो, तेवढं पुरे.

पण महिन्यातून एकदा मी खरा तानपुरा घेऊन जाते आणि मुलांसमोर जुळवते. आधी मधल्या जोडीच्या तारा, मग खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, मग पहिली. मालकंस राग असेल तर पहिली पंचम (‘प’) सोडून मध्यमात (‘म’). खुंटी करकरते, मणी सरकवला की सूर केसभर हलतो. मुलांना वाटतं बाईंना येत नाहीये, म्हणून इतका वेळ लागतोय. मग कधीतरी चारही तारा एकत्र येतात आणि कोणीही न वाजवलेला गंधार ऐकू यायला लागतो. ‘हा कोण गातंय?’ असं विचारणारं एखादं पोर निघतं. दर वेळी नाही निघत.

माझ्या मुलाचा गळा फार गोड आहे. ऐकून सांगाल का?

ऐकेन, सांगणार नाही. ते शिक्षकांचं काम. मी इतकंच विचारेन की तो दुसऱ्याचं गाणं किती वेळ गप्प बसून ऐकतो.

तुम्हाला भेटायला कधी येऊ?

गुरुवार सोडून कधीही, कारण गुरुवारी जमिनीवर पुड्या आणि वाद्या पसरलेल्या असतात आणि बसायला जागा नसते. पाय दुमडून उंबऱ्यावर बसायची तयारी असेल तर मात्र गुरुवारीच या. सकाळी सात ते आठ फोन बंद असतो. येताना जुनी सुती साडी असेल तर आणा. गवसण्या शिवायला लागतात, आणि नायलॉनच्या गवसणीत तानपुऱ्याला घाम येतो.